चुन्याची रेघ

वही माझ्याकडे असते, कारण अक्षर बरं आहे माझं,
एवढंच. तलावाचं मला काय कळतं?
ते अंतकलाबाईला कळतं. ती पाण्यात हात घालते
आणि सांगते, खाली चिला आहे की नुसता गाळ.

पहिल्या पानावर बेशरम आहे.
एकोणीस बायका, सात विळे, अठ्ठावीस दिवस.
मुळासकट उपटायची, पाळीवर उन्हात घालायची,
ओल्या मातीला कांडी टेकली
की पुन्हा उभी राहते. नावच ते.
हजेरीच्या रकान्यात पुस्तकलाचा अंगठा,
शेजारी वाळलेला चिखल.
तो मी खरवडलेला नाही.

वैशाखात तलावाचं पोट उघडं पडलं
तेव्हा त्यात नांगर घातला.
पारावरची माणसं हसली: मासे पेरता का बाई?
मग दुसऱ्या गावच्या बोडीतून
ओल्या पोत्यात, डोक्यावर,
चिला, चौरा, पांजा, देवधान.
साहेब म्हणाले, गवत.
त्यांच्या फॉर्मात गवताला रकाना नव्हता.

दोन वर्षांनी बोटरी आली.
कोणी सोडली नव्हती.
अंतकलाबाईनं जाळ्यातून उचलली, तळहातावर धरली,
खूप वेळ काहीच बोलली नाही,
मग म्हणाली, "कुठी होतीस वं?"

इथपर्यंत वही छान आहे.
पाहुणे आले की मी इथपर्यंतच वाचून दाखवते.

पुढच्या पानावर
पोळ्यानंतर आभाळ बंद.
धान गर्भात, तलावात पाणी कमरेला,
आणि तुडुमाशी दसरू वलथरे, हातात सब्बल:
"धान मरून रायला अन् तुमी मासोया जपता?"
खोटं नव्हता बोलत.
त्याची बांधी मी पाहिली होती.
लोंबी पोटातच थांबलेली.

सभा तीन रात्री चालली.
पहिल्या रात्री शिव्या. त्या लिहिल्या नाहीत.
दुसऱ्या रात्री कोणी आलंच नाही.
अंतकलाबाई एकटीच बसून होती समाजमंदिरात,
बल्ब बंद करून, बिल नको म्हणून.
तिसऱ्या रात्री ठरलं, हात वर करायचे नाहीत,
मोजलं की कोणीतरी हरतं.
बोलत राहायचं.
बोललो. कोंबडा आरवला.

तुडूम उघडला.
ती पाण्यात उभी राहिली, माप म्हणून.
कमरेचं पाणी मांडीला, मांडीचं गुडघ्याला,
तेव्हा म्हणाली, "बस."
दगड सुकल्यावर पाण्याच्या काठाशी
बोटानं चुन्याची रेघ ओढली.
"याच्या वरतचं धानाचं.
याच्या खालतचं कोनाचंच नोहे.
मायंही नोहे."

दसरूचा अर्धा धान पिकला.
अर्धा गेला, तोही वहीत आहे, त्याच्या नावानं.
कोठीतून चार कुडव घेऊन आम्ही त्याच्या दारी गेलो.
घेतले नाहीत.
बायकोनं मागच्या दारानं नेले.

खालचं पाणी उन्हाळाभर टिकलं.
म्हशी बसल्या, पाखरं उतरली,
मासोळ्यांनी त्यात काय केलं
ते मासोळ्यांना ठाऊक.

तलाव भरला की रेघ विरघळते.
दरवर्षी नवी ओढावी लागते,
आणि अंतकलाबाईचे गुडघे आता पाळ उतरू देत नाहीत.
यंदा दसरू आला.
चुन्याची बादली, शिंदीचा कुंचा,
आमच्याकडे न बघता खाली गेला,
रेघ ओढली,
कुंचा तिथंच धुतला, गेला.

मी दोरी लावून मोजलं.
चार बोटं खाली.

"पायलं का?" पुस्तकला म्हणाली.
पायलं.
"लिवलं?"
लिवलं.
भांडू पुढच्या सभेत.